केळ तोडली तर काय होतं?

'हुशार' हा शब्द ज्याने पहिल्यांदा कुणाला तरी चिकटवला, तो माणूस जगदाळे मॅडमना भेटला असता तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं आणि एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय आत घेतलं नसतं. मला त्यांनी स्टाफरूममध्येच उभं केलं होतं. वसईच्या आमच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. नव्या माणसाने काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हणालो, "अकरावी 'ब'ची मुलं फार हुशार आहेत हो."

कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "कशात?"

"म्हणजे... एकंदरीत."

"एकंदरीत कुणी हुशार नसतं, साळवी सर. एकंदरीत फक्त हवामान असतं. तुमची मुलं कशात हुशार आहेत ते बघा आणि उद्या सांगा."

मला वाटलं, बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या आधी दारातच त्यांनी विचारलं, "बघितलंत?"

या बाई आमच्याकडे मानसशास्त्र शिकवायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, बोलण्यात तिकडचा ठसका. अंगाने ठेंगण्या, सुती साड्या, पायात कोल्हापुरी, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी मोठ्या तबकडीचं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. विरारला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये आई होती तोवर आईबरोबर आणि नंतर एकट्या राहत. शिपाई म्हणायचा, "मॅडम आल्या की आधी चपलेचा आवाज येतो आणि मग भांडणाचा." शिपायाचं म्हणणं निम्मं खरं होतं. भांडण त्या स्वतःहून काढायच्या नाहीत. फक्त कुणी मुलाला 'ढ' म्हटलं, 'आळशी' म्हटलं, किंवा कौतुकाने 'ब्रिलियंट' म्हटलं, तरी त्यांचा तो एका शब्दाचा प्रश्न यायचा आणि पुढचं भांडण समोरच्याला आपोआप करावं लागायचं.

त्या घड्याळाची गोष्ट वेगळी. मॅडमना राग आला की त्या बोलायच्या थांबत. घड्याळ जरा वर सरकवून डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवत, नजर सेकंदकाट्यावर, आणि स्वतःची नाडी मोजत. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करणं त्यांना लबाडी वाटे. समोरचा माणूस अर्धं वाक्य तोंडात धरून उभा. मिनिट संपलं की त्या आकडा सांगत, "एकशे चार. हं, आता बोला." वेळापत्रकावरून वाद घालायला आलेले भूगोलाचे सर एकदा त्या मिनिटभरात आपला मुद्दाच विसरले होते.

"हे काय आहे, मॅडम?" मी एकदा धीर करून विचारलं.

"आधी छाती धडधडते, मग आपण तिला नाव देतो. राग, भीती, अपमान. नाव देताना माणूस लबाडी करतो. घाबरलेला असतो आणि म्हणतो मला राग आला. म्हणून मी आधी मोजते, मग विचार करते की हे नक्की काय आहे. राग वाईट नसतो, सर. न मोजता गिळलेला राग वाईट."

त्यांचा तास मी खिडकीतून बऱ्याचदा ऐकलाय. प्रेरणा हा धडा शिकवायच्या दिवशी त्या एक डबा घेऊन गेल्या. टेबलावर ठेवला, झाकण उघडून सुकेळी दाखवल्या. राजेळी केळी सुकवून पानात बांधलेल्या त्या सुकेळींचा वास पहिल्या बाकापर्यंत पोचला असेल-नसेल, तोवर झाकण बंद. मग अर्धा तास प्रेरणेच्या व्याख्या, प्रकार, आकृत्या. शेवटी विचारलं, "मी काय शिकवलं?" वर्ग वह्या चाळायला लागला. "डब्यात सुकेळी किती होत्या?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "नऊ!" मॅडम म्हणाल्या, "झाला धडा. आता या आणि खा. ज्याला पुस्तकातला हवाय त्याने घरी वाचा."

पण याच धड्यापायी त्या एकदा पेटल्या होत्या. सुनीता नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसून झोपायची. आमच्यातल्याच एका सरांनी स्टाफरूममध्ये निदान केलं, "या मुलीत प्रेरणेचा अभाव आहे." शब्दसुद्धा मॅडमच्याच विषयातला उचललेला. मॅडमनी नाडी मोजली, सत्त्याण्णव. मग म्हणाल्या, "ती सातिवलीला एका गाळ्यात पहाटेपासून बाटल्यांवर लेबलं चिकटवते. सात तास उभी राहते आणि नंतर तुमच्या तासाला येते. ती झोपायला घरी गेली नाही, तुमच्या वर्गात आली. अभाव कुणात आहे म्हणालात?" ते सर त्यानंतर आठवडाभर कॅन्टीनमध्ये चहा पीत.

हे सगळं मी मजेत सांगतोय. खरं तर मजेत सांगायचं माझ्या मनात नव्हतं. मला ती एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं. शाळेवर फिरतं, आमच्या कॉलेजवर फिरतं, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वसईतल्याच एका शाळेचे मुख्याध्यापक कॉलेजात आले. त्यांच्या आठवीत चौदा मुलं अभ्यासात मागे होती. त्यांची बुद्धिमापन चाचणी करून द्याल का, म्हणजे कुणाला काय मदत हवी ते कळेल, असं त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडम लहान मुलीसारख्या खूश झाल्या. आपला विषय एकदाचा फळ्यावरून उतरून गावात जाणार! चाचणी इंग्रजीत होती. मराठी कोण करणार? मराठीचे प्राध्यापक कशाला आहेत? मी हौसेने ते काम घेतलं.

त्या चाचणीत 'असं केलं तर काय होईल?' असा एक भाग होता. बर्फ उन्हात ठेवला तर, कागद पाण्यात टाकला तर, असे प्रश्न. त्यात एक होता, 'झाड बुंध्याशी तोडलं तर काय होतं?' आता वसईची मुलं आहेत, सगळीकडे केळीच्या वाड्या, तर प्रश्न त्यांना आपला वाटावा म्हणून मी 'झाड' खोडून 'केळ' घातलं. केळ बुंध्याशी तोडली तर काय होतं? मला ते फार सुंदर सुचलं होतं. दोन जणांना वाचूनही दाखवलं. माझा जन्म दादरचा. केळीशी माझा संबंध जेवणाच्या पानापुरता आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेल्या चार खांबांपुरता. उत्तरतालिकेत इंग्रजीत होतं तेच मी मराठीत उतरवलं: 'ती मरते.'

चाचणी झाली. मॅडमनी स्वतः घेतली, तालिका समोर ठेवून स्वतः तपासली, सही केली. चौदातल्या तीन मुलांचे गुण इतके कमी आले की तक्त्याप्रमाणे त्यांच्यापुढे एकच शब्द येत होता. त्या काळी तो सरकारी कागदावर सर्रास लिहीत. मतिमंद.

त्यातली एक फिलोमिना. जवळच्या सांडोर गावच्या वाडीवाल्या बावतीसची मुलगी, घरी तिला फिलू म्हणत.

पंधरा दिवसांनी बावतीस कॉलेजात आला. पांढरा सदरा, हातात टोपी, स्टाफरूमच्या दारात उभा. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यापाशीच थांबला.

"मिस, एक विचारायचा होता. माझी फिलू येडी हाय काय?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "कोण म्हणालं असं?"

"शाळेन् सांगितला. कागद दाखवला. म्हनाले पुढच्या वर्गात घेनार नाय, मतिमंदांच्या शाळेत घाला नायतर घरी ठेवा. खाली तुमची सही हाय." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "वाडीतली केळीची सगळी पिल्ला तीच लावते, मिस. माझ्या हातची एखादी जाते, तिच्या हातची जात नाय. पानी कोनत्या पाटान् कधी सोडायचा ते मी तिला विचारतो. मंग ती येडी असेल त मी कोन?"

मॅडमनी कपाटातून गठ्ठा काढला. फिलोमिनाची उत्तरपत्रिका काढून एकेक प्रश्न वाचू लागल्या. मी शेजारीच बसलो होतो. बाराव्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं.

केळ बुंध्याशी तोडली तर काय होतं? खाली एका रेघेवर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'काय नाय होत, पिल्ला असते.' आणि त्यापुढे लाल शाईत मॅडमच्या अक्षरात शून्य.

"बावतीस, केळ तोडली तर काय होतं?"

"काय होनार? पिल्ला असते ना बाजूला."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. दोन बोटं मनगटावर. ते मिनिट फार लांबलं. आकडा त्यांनी सांगितलाच नाही. म्हणाल्या, "शनिवारी मी वाडीत येते."

शनिवारी त्यांनी मलाही नेलं. सांडोरला रिक्षातून उतरलो तर दोन्ही बाजूंनी वाड्या, पाटातून पाणी सोडलेलं. फिलू हातभर चिखल माखून पाटाच्या कडेला बसली होती. तेरा वर्षांची, काटकुळी, आणि आम्हाला बघून तिचं तोंड असं उतरलं, जणू आम्ही आणखी एक परीक्षा घ्यायला आलोय. तसं ते खरंच होतं.

"फिलू, केळ तोडली तर काय होतं गं?" मॅडमनी विचारलं.

फिलूने बापाकडे बघितलं, मग मॅडमकडे. "कोनती केळ, मिस? घड दिलेली का बिनघडाची?"

"त्यात फरक काय?"

"बिनघडाची तोडली त सांजपर्यंत मधून नव्या पानाची सुरळी वर येते. घड दिलेली तोडली त ती जाते, पन तिची पिल्ला हायेत ना. आमीच तोडतो घड काढल्यावर, पिल्लांना जागा व्हावी म्हनून."

"मग मरते असं का नाही लिहिलंस?"

"मरते कुठं?"

"आणि हे सगळं? घड दिलेली, बिनघडाची, सुरळी? हे पेपरात का नाही लिहिलंस?"

फिलू खाली बघून म्हणाली, "रेघ एकच होती, मिस."

बावतीसने कोयत्याने एक घड काढलेली केळ आमच्यासमोर पाडली आणि बुंध्याशी उभी असलेली तीन पिल्लं, म्हणजे त्याच कंदातून फुटलेल्या नव्या केळी, बोटाने दाखवली. मला त्या वाडीत तोंड लपवायला जागा नव्हती. परतताना रिक्षात मॅडम एवढंच म्हणाल्या, "आपल्या अख्ख्या प्रश्नपत्रिकेत विचार करणारा एक प्रश्न होता, साळवी सर. कोणती केळ. आणि तो तिने विचारला."

घरी जाऊन त्यांनी चौदाच्या चौदा पत्रिका पुन्हा काढल्या. 'पाऊस आला की कसं वाटतं?' याचं उत्तर तालिकेत 'आनंद' होतं. मिठागरावरच्या एका मुलाने लिहिलं होतं, 'वाईट वाटते, मीठ जाते.' शून्य. दुसऱ्याने 'पाणी'चं 'पानी' लिहिलं म्हणून अर्धा गुण कापलेला. ज्या मुलांचं घरचं बोलणंच वेगळं, त्यांना आम्ही माझ्या दादरच्या मराठीत विचारलं होतं आणि ती आमच्यासारखं बोलली नाहीत म्हणून त्यांना मंद ठरवलं होतं. ज्याला कळत नव्हतं तो परीक्षक आणि ज्यांना कळत होतं ती नापास! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती याहून वेगळी नसणार.

सोमवारी मॅडम शाळेत गेल्या. सोबत मी.

मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मॅडमनी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "अहवाल चुकीचा आहे. मी मागे घेते. तिन्ही मुलांना नववीत बसवा."

"मॅडम, सही तुमची आहे."

"म्हणूनच मी आले आहे."

"पण आता पटावरून नावं कमी झाली. आणि एक सांगू? ही मुलं दहावीला आमचा निकाल खाली आणतात. तुमच्या अहवालाने प्रश्न शास्त्रशुद्ध सुटला. शास्त्राला भावना नसतात हे तुम्हीच मुलांना शिकवत असाल."

तेव्हा कळलं की मदत-बिदत काही नव्हतं. त्यांना गाळणी हवी होती आणि ती आम्ही फुकटात करून दिली होती. भिंतीवर मागच्या वर्षीच्या निकालाची पाटी होती, तिच्याखाली बसून हा गृहस्थ आम्हाला शास्त्र सांगत होता. मॅडमनी मनगटावर बोटं ठेवली. मुख्याध्यापक "काय झालं, बरं वाटत नाही का?" म्हणत राहिले. चहा येऊन निवला. मिनिट झालं.

"एकशे अठरा," मॅडम म्हणाल्या. "आता ऐका. शास्त्राला भावना नसतात. शास्त्राला लाजही नसते, म्हणून ती शास्त्र करणाऱ्याला असावी लागते. मला आहे. मी लेखी देते."

आणि त्यांनी तिथेच बसून लिहिलं. चूक मुलांची नसून परीक्षकाची आहे, प्रश्न चुकीचे होते, उत्तरं चुकीची होती, तपासणी चुकीची होती, आणि, हे वाक्य मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं, 'भाषांतरासह सर्व जबाबदारी माझी आहे.'

भाषांतरासह. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. पेन माझ्या खिशात होतं. मी एक शब्द बोललो नाही. नोकरी कायम व्हायची होती, ही माझी सबब. तेव्हा ती मला पुरली.

ते पत्र शाळेने फायलीत लावलं आणि केलं काही नाही. मॅडमनी वरच्या कार्यालयांना पाठवलं, तेव्हा मात्र आमच्या प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. आपण चुकलो हे स्वतःच्या हाताने लिहून गावभर वाटल्याने कॉलेजची बदनामी होते, पत्र मागे घ्या, असं म्हणाले. मॅडमनी घेतलं नाही. मग त्यांना बाहेरची कामं बंद झाली. स्टाफरूममध्ये कुजबुज, 'ज्या बाईला स्वतःचा पेपर तपासता येत नाही...' हे म्हणणाऱ्यांत ते प्रेरणेच्या अभावाचे सरही होते. मी ऐकत होतो. अळीमिळी गुपचिळी.

एकदाच मी बोललो, तेही दोघंच असताना. "मॅडम, केळ माझी होती."

"माहीत आहे. आणि शून्य माझं होतं." त्यांनी माझा हात पुढे ओढला, स्वतःची बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि घड्याळ बघत बसल्या. मिनिटाने म्हणाल्या, "बहात्तर. तुम्हाला वाईट वाटतंय, साळवी सर. राग अजून आलेला नाही. आला की सांगा."

इतकी वर्षं झाली, पण तोंडात मारल्यासारखा तो आकडा अजून लागतो.

पुढची आठ वर्षं एक नेम झाला. जून महिना आला, शाळा उघडली, की पहिल्या आठवड्यात मॅडम छत्री घेऊन त्या शाळेच्या कार्यालयात जात. 'तो शेरा काढा' एवढंच मागणं. मुख्याध्यापक बदलले, कारकून बदलले. प्रत्येक नव्या माणसाला त्या केळीपासून सगळं सांगत. कारकून आपसात म्हणायचे, पाऊस आला, आता केळवाल्या बाई येतील. आणि दर शनिवारी, एकही न चुकवता, त्या सांडोरला जाऊन वाडीतच फिलूला शिकवत. बाकीच्या दोघांच्या घरीही त्या जाऊन आल्या होत्या. एकाला बापाने होडीवर घेतलं होतं, दुसऱ्याचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं. त्या दोघांची नावं त्यांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

फिलूने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. पहिल्यांदा गणितात गेली, दुसऱ्यांदा पास झाली. बावतीसने कॉलेजात पेढे आणले तेव्हा एकजण म्हणाला, "वा, म्हणजे हुशार निघाली की!" मॅडमनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि तोच घाईघाईने म्हणाला, "गणित सोडून, गणित सोडून."

पण शेरा गेला नाही. गावात शब्द एकदा सुटला की त्याला पावती लागत नाही. फिलूला एक स्थळ आलं, बोलणी झाली, आणि मुलाच्या चुलत्याने चौकशी केली, "ती शाळेतून काढलेली, मतिमंद का काय, ती हीच ना?" बोलणी तिथेच मोडली. मॅडमना हे कळलं त्या शनिवारी त्यांनी शिकवलं नाही. पाटाच्या कडेला बसून राहिल्या, असं फिलूने नंतर सांगितलं. नाडीही मोजली नाही.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षीच्या जूनमध्ये नवीन कारकुनाने त्यांना सांगितलं, "बाई, त्या सालचं रेकॉर्ड गळतीत भिजून गेलं. तो कागदच आता नाही. मग शेरा कशावरून काढू?"

म्हणजे ज्या कागदाने एका पोरीचं शिक्षण हिरावलं, लग्न मोडलं, तो आपलं काम उरकून मोकळा झाला होता. आता चूक दुरुस्त करायलाही तो मिळणार नव्हता. मॅडमनी हे मला फोनवर सांगितलं आणि म्हणाल्या, "एकशे सव्वीस." त्यानंतर चार महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला.

विरारच्या एका इस्पितळात मी गेलो तेव्हा उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. बहीण साताऱ्याहून निघाली होती, पोचायची होती. उशाशी फिलू बसली होती, बाविशीची झालेली, पायाला वाडीचा चिखल तसाच. शेजारी पानात बांधलेल्या सुकेळी. घड्याळ तिने मॅडमच्या हातावरून काढून उशीखाली ठेवलं होतं.

तरुण डॉक्टर फेरीला आला. हातात कागद लावलेली पाटी. पेन दाखवून विचारलं, "आजी, हे काय आहे?" मॅडमचे ओठ हलले, शब्द आला नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. किल्ली दाखवली. पुन्हा तेच. "आज वार कोणता?" पुन्हा लिहिलं. माझ्या जागेवरून मला ते दिसत होतं. एकाखाली एक शून्यं.

पाटी काखेत मारून तो मला म्हणाला, "काका, झटका मोठा होता. तुम्ही बोलता ते त्यांना आता काही समजत नाही. बुद्धीवर परिणाम झालाय."

मी मान डोलावली. सवयीने डोलावली, देवा!

"कशात?" फिलू म्हणाली.

डॉक्टर वळला. "काय?"

"काय समजत नाय म्हनता ते कशात? बोलता येत नाय त्यांना. तुम्ही बोलायचाच विचारला. दुसरा काय विचारला?"

"हे बघा ताई, ही स्टँडर्ड टेस्ट आहे."

पलंगावर हालचाल झाली. मॅडमचा डावा हात चादरीवरून सरकत उजव्या हाताकडे गेला. त्या मेलेल्या मनगटावर त्यांनी दोन बोटं ठेवली, थोडी सरकवली, नेमकी जागा शोधली. मग डोळे उचलून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागल्या. सेकंदकाटा फिरत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता, पण ते मोजणं होतं हे मला दिसत होतं. डॉक्टर काहीतरी बोलायला गेला, फिलूने हात वर करून त्याला थांबवलं. तो थांबला. माझीही बोटं माझ्या मनगटावर गेली होती. मोजायची गरज पडली नाही. मी पुढे होऊन त्याच्या काखेतली पाटी काढून घेतली.

काटा बारावर आला. मॅडमनी बोटं उचलली आणि डॉक्टरकडे बघून एकदा मान हलवली.

"काय करतायत त्या?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"राग मोजत होत्या," फिलू म्हणाली. "झाला मोजून. हं, आता बोला."